डास वाढवून डास हटवण्याचा उद्योग
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजचा विषय ऐकून पुष्कळजणींना हसू येईल. डास मारता मारता आपले हात दुखतात आणि ही बाई डास वाढवण्याविषयी बोलणार! पण जगात काही ठिकाणी आज डासांचे कारखाने चालू आहेत, आणि तेथे आठवड्याला लाखो डास निपजतात ते डासांचाच वंश आटवण्यासाठी. ही युक्ती काय आहे, आणि उद्या कोणी ती घेऊन आपल्या दारी आले तर आपण त्यांना काय विचारावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्याला चावते ती डासाची मादी. अंडी पोसण्यासाठी तिला रक्त लागते. नर बापडा फुलांच्या रसावर जगतो. त्याला चावताच येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, मादी बहुधा आयुष्यात एकदाच नराशी संग करते आणि त्या एकाच वेळच्या बीजावर पुढची सगळी अंडी घालते. तेव्हा तिला भेटलेला नर वंध्य असेल, तर तिची अंडी फुकट जातात. चांगल्या नरांपेक्षा वंध्य नर कितीतरी पट अधिक सोडले आणि सोडतच राहिले, तर पिढीगणिक डास कमी होत जातात.

हा विचार प्रथम सिद्धीस गेला तो एका माशीवर. ही माशी गुरांच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जनावराचे जिवंत मांस खातात. एडवर्ड निपलिंग व रेमंड बुशलँड या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या पद्धतीने 1954 साली कुरासाव बेटावर वंध्य माश्या सोडण्यात आल्या आणि ते बेट त्या माशीपासून मुक्त झाले.

डासांच्या बाबतीत काम अधिक नाजूक आहे, आणि ते ऐकताना तुम्हाला स्वयंपाकघराचीच आठवण होईल. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ओल्या कागदावर घेतात. ती नीट वाळवली की कुरडया-पापडांसारखी महिनोन्‌महिने टिकतात. हवी तेव्हा पाण्यात टाकली की अळ्या बाहेर येतात. ताटात अळ्या किती, पाणी किती, खाद्य किती, सारे मोजून. खाद्य जास्त झाले तर पाणी नासते आणि अळ्या मरतात. कमी पडले तर नर खुरटे निघतात. पाणी कोमट ठेवावे लागते. पुढे अंडी मिळावीत म्हणून थोड्या माद्या राखतात आणि त्यांना पातळ पडद्याआडून ऊन केलेले रक्त पाजतात.

आठवडाभरात अळीचा कोष होतो. आता खरी निवड. मादीचा कोष नराच्या कोषापेक्षा मोठा असतो. म्हणून चाळणीने किंवा दोन काचांच्या फटीतून ते वेगळे करतात. एक मादी चुकून गेली, तर चावणारा डास आपणच सोडला असे होईल. मग नरांच्या कोषांना गॅमा किरण किंवा क्ष-किरण देतात. मात्रा कमी पडली तर नर वंध्य होत नाही. अधिक झाली तर वंध्य होतो, पण इतका दुबळा की रानच्या नरापुढे त्याचा टिकाव लागत नाही. मिठासारखेच आहे हे. चिमूटभर इकडेतिकडे झाली की सगळे बिघडते.

चीनमधील ग्वांगझू शहराजवळच्या दोन बेटांवर नरांमध्ये एक विशिष्ट जिवाणू वाढवून आणि चुकून गेलेल्या माद्यांसाठी किरणांची जोड देऊन नर सोडले गेले. या प्रयोगाचा वृत्तांत 2019 साली प्रसिद्ध झाला. तेथे चावणाऱ्या माद्या 83 ते 94 टक्क्यांनी घटल्या. सिंगापुरात त्याच वर्षी आठवड्याला 50 लाख नर देऊ शकेल असा कारखाना उभा राहिला. तेथील नरांत हाच जिवाणू असतो.

पण भगिनींनो, आपल्या देशाचीही यात एक कथा आहे, आणि ती सगळ्यांत जास्त विचार करण्यासारखी आहे. 1970च्या सुमारास दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचे एक संयुक्त केंद्र सुरू झाले. पैसा बहुतांशी अमेरिकेचा होता. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्यूलेक्स डासाचे नर रसायनाने वंध्य करून दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत सोडले गेले. अडचण दिसली ती अशी की, बाहेरून आधीच संग झालेल्या माद्या उडत गावात येत आणि केलेल्या कामावर पाणी पडे.

पुढे सोनीपत येथे एडिस डास सोडण्याचे ठरले. तोवर वृत्तपत्रांत आणि संसदेच्या समितीत प्रश्न उठले होते : हे पैसे परक्यांचे, मग माहिती कोणाच्या कामी येणार? पीतज्वर पसरवू शकणाऱ्या डासावर येथे प्रयोग का? वापरलेल्या रसायनाचा अंश विहिरीच्या पाण्यात उतरेल का? संघटनेने आरोप नाकारले. पण संशय फिटला नाही, आणि 1975 साली सोनीपतचा प्रयोग सुरू होण्यापूर्वीच थांबला व केंद्र बंद पडले.

शास्त्र खोटे होते असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांच्या अंगणात डास सोडायचे, त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही, हा त्यातला बोध. आपल्या महाराष्ट्रातही 2017 साली जालन्याजवळ दावलवाडी येथे जनुक बदललेल्या एडिस नरांच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. तो मार्ग निराळा आहे. त्यात पिल्ले मोठी होण्याआधीच मरतात. तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही.

म्हणून कोणी अशी योजना घेऊन आले तर भिऊन दार लावू नये आणि भारावून मानही डोलवू नये. विचारावे : नर वंध्य कसे केले? हजारात माद्या किती जातील? किती आठवडे सोडणार, आणि थांबल्यावर काय? आजार कमी झाला की नुसते डास, हे कोण मोजणार? आणि नको म्हणण्याचा हक्क आम्हांस आहे ना? ही उत्तरे मराठीत, सभेत, सर्वांसमक्ष मिळाली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. कारखान्यातले कितीही नर आले, तरी उघडे पिंप रोज नवे डास देत असेल तर त्यांचे काही चालणार नाही. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि आपल्या उकाड्यात आठ-दहा दिवसांत ती उडू लागतात. शिवाय ती पिंपाच्या कडेला चिकटून राहतात. पाणी नुसते ओतून चालत नाही, कडा घासावी लागते. तेव्हा आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. कुंडीखालची बशी, कूलर, फ्रीजमागचे भांडे पाहावे, आणि शेजारणीच्या गच्चीवरची टाकीही तिच्याबरोबर पाहावी. डासाला घराची हद्द कळत नाही, म्हणून हे काम एकटीचे नाही, मंडळाचे आहे.