घोडं कुठे पेंड खातं



सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पाहायला आलेला माणूस आधी जनावराचं तोंड उघडून दात बघतो, मग पाय बघतो, मग अंगावरचे भोवरे. एकेका भोवऱ्यावरून तासभर घासाघीस चालते. पोटाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. खरं तर घोडा दगावण्याच्या मोठ्या कारणांमध्ये पोटशूळ वरच्या नंबरावर आहे. त्या पोटातला एकच भाग आज मी घेणार आहे, लहान आतडं.

घोडा आणि म्हैस, दोघंही गवत खातात. पण म्हशीच्या पोटात चारा आधी आंबतो, जंतू आपलं काम करतात आणि मग तो लहान आतड्यात उतरतो. घोड्याचं अगदी उलट. खाल्लेलं आधी जठर आणि लहान आतड्यातून जातं, आंबवण्याचं काम नंतर, उंडुकात आणि मोठ्या आतड्यात होतं. या उलट्या क्रमाचा फायदा असा की दाण्यातला पिष्टमय पदार्थ, साखर, प्रथिनं, तेल यांवर पहिला हक्क घोड्याचा राहतो, जंतूंच्या वाट्याला मागून उरेल ते. तोटा असा की मोठ्या आतड्यात जंतूंनी तयार केलेली प्रथिनं बहुतांशी लिदीबरोबर जातात, कारण प्रथिनं शोषणारा भाग तोवर मागे पडलेला असतो. म्हणून वाढत्या शिंगराला नुसत्या वाळल्या गवतावर ठेवून भागत नाही.

पूर्ण वाढलेल्या घोड्याचं लहान आतडं साधारण 22 मीटर लांब. पहिला मीटरभर भाग म्हणजे आद्यांत्र, शेवटचा पाऊण मीटरच्या आसपासचा भाग म्हणजे शेषांत्र, आणि मधलं सगळं मध्यांत्र. आद्यांत्र पाठीच्या बाजूला आखूड बांधलेलं असतं, ते फारसं हलत नाही. जठराच्या तोंडापासून 12 ते 15 सेंटीमीटरवर त्याच्या भिंतीवर एक उंचवटा असतो. तिथे यकृताची आणि स्वादुपिंडाची नळी उघडते. घोड्याला पित्ताशय नाही. आपल्याला आहे, गाईला आहे, कुत्र्याला आहे; घोड्याला नाही. पित्त साठवून जेवणाच्या वेळी सोडायची सोयच नसल्यामुळे ते दिवसरात्र थेंबथेंब गळत राहतं. स्वादुपिंडाचा रसही तसाच, अखंड.

याचा अर्थ सरळ आहे. हे जनावर दोन वेळा ताट वाढून घेण्यासाठी घडलेलंच नाही. मोकळं सोडलं तर घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास तोंड हलवत चरतो, आणि त्या संथ धारेलाच हे आतडं जुळलेलं आहे. जठरही लहान, 8 ते 15 लिटरचं. आणि आपण काय करतो? सकाळी एक तोबरा, संध्याकाळी एक तोबरा, मधे घोडा खुंट्याला उभा. घोडं पेंड खातं ते इथेच.

तोबऱ्यातली चंदी जठरातून भराभर पुढे ढकलली जाते. लहान आतडं ती दीड-दोन तासांत, फार तर तीन तासांत पार करते. पुढे मोठ्या आतड्यात अन्न दिवस-दोन दिवस रेंगाळतं, इथे मात्र घाई. त्यात घोड्याच्या स्वादुपिंडात पिष्ट फोडणारं विकर डुकराच्या तुलनेत फारच कमी. म्हणजे वेळ थोडा आणि हत्यारंही थोडी. जे पचलं नाही ते उंडुकात जाऊन पडतं, तिथले जंतू त्यावर तुटून पडतात, आम्ल वाढतं, आणि एक-दोन दिवसांत घोडा पाय टाकेनासा होतो. खुराच्या आतला थर सुजतो, याला आम्ही लॅमिनायटिस म्हणतो. दुखणं पायात दिसतं, कारण तोबऱ्यात असतं.

हिशेब सांगतो. दर किलो वजनामागे एका वेळी 1 ग्रॅम पिष्ट, ही आजची सावध मर्यादा. 400 किलोच्या घोड्याला 400 ग्रॅम; म्हणजे ओट असतील तर एका वेळी किलोभर, मका असेल तर सहाशे ग्रॅमच्याही आत. शिवाय कच्च्या मक्याचं पिष्ट या आतड्यात ओटाइतकं पचत नाही. नुसता भरडून फार फरक पडत नाही. वाफवून चपटा केला तर पडतो. तेल मात्र घोडा चांगलं पचवतो, पित्ताशय नसतानाही. फक्त ते हळूहळू वाढवत न्यावं.

कोंड्याबद्दल एक गोष्ट सांगतोच, कारण मोतद्दार मंडळींचा कोंड्यावर भारी जीव. कॅल्शियम लहान आतड्यात शोषलं जातं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. शिवाय त्यातला फायटेट हा घटक कॅल्शियमला धरून ठेवतो. महिनोन्‌महिने कोंड्यावरच भर दिला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायला लागतं आणि जबड्याची हाडं फुगतात. मूठभर कोंड्यानं काही होत नाही, पाटीभर कोंड्यानं होतं.

आता मध्यांत्राकडे येतो. ते जवळजवळ अर्धा मीटर लांबीच्या पातळ पडद्यावर लोंबकळत असतं, त्यामुळे पोटाच्या डाव्या बाजूला हवं तसं सरकतं. चरताना ही मोकळीक चांगली. पण त्याच मोकळेपणामुळे वेटोळ्याला पीळ पडतो, किंवा ते एखाद्या फटीत अडकतं. म्हाताऱ्या घोड्यात त्या पडद्यावर चरबीची गाठ देठाला लोंबते आणि तो देठ आतड्याभोवती गुंडाळला जातो. रक्तपुरवठा तुटला की तासांवर हिशेब येतो. गुदमार्गे हात घालून तपासताना निरोगी घोड्याचं लहान आतडं सहसा हाताला लागतच नाही. अडथळा असला की हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी वेटोळी बोटांखाली येतात, आणि मग शस्त्रक्रियेची भाषा सुरू करावी लागते.

घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या वरच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की मागे साचलेला द्रव बाहेर येण्याआधी जठर फुटू शकतं. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा नाकातून जठरापर्यंत लांब नळी सरकवतो. बादलीत हिरवट-पिवळा द्रव लिटरच्या लिटर उतरला, तर अडथळा बहुधा लहान आतड्यातच आहे, असं समजावं.

घोडा पुढच्या पायानं जमीन उकरतोय, वळून वळून कुशीकडे बघतोय, लोळतोय, असं दिसलं की पुढचं गवत आणि चंदी काढून घ्या, डॉक्टरला फोन करा आणि शेवटची लीद कधी पडली ते सांगा. मान वर करून बाटलीनं तेल पाजू नका. ते श्वासनळीत उतरलं, तर पोटाचं दुखणं राहील बाजूला आणि फुफ्फुसाचं मागे लागेल.