महास्फीतीच्या आधीं



करमाळा तालुक्यांतील केम हें गांव कुंकवासाठीं प्रसिद्ध आहे. तेथें एका ओसरीवर बसलों असतां घरच्या मुलीनें विचारलें, "अण्णा, विश्वाच्या स्फोटाआधीं काय होतें हो?" "कांहींच नव्हतें," असें सांगून मी मोकळा झालों. तें उत्तर आज मला परत घ्यावयाचें आहे.

सुमारें १,३८० कोटी वर्षांपूर्वीं विश्व अत्यंत दाट व तप्त स्थितींतून प्रसरण पावूं लागलें, हें बहुतेक शास्त्रज्ञांस मान्य आहे. त्या आरंभींच, सेकंदाच्या कल्पनातीत लहान अंशांत, अवकाश निदान एकावर सव्वीस शून्यें इतक्या पटींनीं ताणलें गेलें असावें, अशी कल्पना अ‍ॅलन गुथ यांनीं १९८१ सालीं मांडली. तिला आपण महास्फीति म्हणूं. आकाशाच्या समोरासमोरच्या टोकांकडून येणाऱ्या प्राचीन प्रारणाचें तपमान जवळजवळ सारखें कां, फरक केवळ लाखांत एका भागाचा कां, हें कोडें तिनें उलगडलें. मात्र उलगडतांना मागचें सारें पुसूनहि टाकलें. हळदीवर क्षाराचा संस्कार होऊन कुंकूं झालें, कीं मूळचा पिवळा रंग कोणास दिसणार?

आइन्स्टाइनच्या समीकरणांस विचारावें, तर मागें जातां जातां "घनता अनंत" एवढेंच बोलून तीं मुकीं होतात. अनंत हें उत्तर नव्हे. गणितानें हात टेकल्याची ती कबुली आहे.

येथें एका मराठी विद्वानाचें नांव घेतलेंच पाहिजे. महाराष्ट्रांतील शिरपूर येथें १९४९ सालीं जन्मलेले अभय अष्टेकर यांनीं १९८६ सालीं तो गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत नव्या चलांत लिहिला. त्यांतून पुढें, अवकाश हें अखंड नसून वस्त्रासारखें सूक्ष्म धाग्यांचें आहे, असा विचार वाढला. २००६ सालीं पाव्लोव्स्की व सिंग यांच्यासह त्यांनीं गणितानें दाखविलें कीं, अशा अवकाशांत घनतेस मर्यादा पडते. एका घन सेंटिमीटरांत एकावर त्र्याण्णव शून्यें इतके ग्रॅम, अशा कांहींशा घनतेजवळ गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजीं लोटूं लागतें आणि आकुंचन पावणारें विश्व उसळी घेतें. म्हणजे आपल्या मागें दुसरें एक विश्व! त्या उसळीपासून महास्फीतीपर्यंतचा काळ त्यांनीं अगुयो व नेल्सन यांच्या साहाय्यानें २०१२ सालीं तपासला.

पुरावा काय? कुंकवावर लिंबाचा थेंब पडला, कीं हळद पुन्हा पिवळी डोकावते. आकाशाच्या बाबतींत तो थेंब प्राचीन प्रारणाच्या फार मोठ्या कोनांवरील चढउतारांत सांपडेल, अशी आशा आहे. डब्ल्यूमॅप व प्लांक या यानांच्या नोंदींत ते अपेक्षेहून किंचित् मंद आढळले. पण मोठ्या कोनांचे नमुने थोडेच मिळतात, आणि आकाश तर एकच. तेव्हां तो निव्वळ योगायोगहि असूं शकेल.

सर्वांसच हा मार्ग पटला असें नाहीं. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांस तर महास्फोटच मान्य नव्हता. हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ सालीं त्यांनीं आरंभच नसलेल्या, आलटून पालटून आकुंचणाऱ्या व प्रसरणाऱ्या विश्वाची कल्पना मांडली. बहुतेकांनीं ती स्वीकारली नाहीं. तरी शून्यांतून निघालेला तो एक बिंदु दोघांनाहि नको होता, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

तेव्हां केमला आज रेडिओ लावलेला असेल, तर त्या मुलीनें एवढें ऐकावें: "कांहींच नव्हतें" असें म्हणण्यास अण्णांपाशीं आधार नव्हता.