वऱ्हाडच्या नावाची शहजादी

आमची धारणी वऱ्हाडाच्या उत्तर टोकाला, मेळघाटात. याच वऱ्हाडाचा किताब एकेकाळी इस्तंबूलच्या एका शहजादीकडे होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल.

तिचं नाव दुर्रुशेहवार, म्हणजे राजाला शोभेल असा मोती. जन्म 1914 चा. वडील अब्दुल मजीद हे शेवटचे खलिफा. 1924 साली तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त केली आणि सारं घराणं देशाबाहेर घालवलं. दहा वर्षांची ही पोर फ्रान्समध्ये वाढली. 1931 साली नीस शहरात हैदराबादच्या निजामाचे थोरले चिरंजीव आझमजाह यांच्याशी तिचा निकाह झाला. 1936 च्या करारात इंग्रजांनी निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला, वऱ्हाडचा कारभार मात्र स्वतःच्या हाती ठेवला. नवऱ्याबरोबर तीही वऱ्हाडची ‘प्रिन्सेस’ झाली.

सासरी मान होता. हैदराबादेत तिच्या नावाचा दवाखानाही उभा राहिला. पण 1944 साली वडील पॅरिसला वारले, तेव्हा त्यांना मायभूमीत दफन करू द्या म्हणून तिने तुर्की सरकारला विनवलं. परवानगी मिळाली नाही. दहा वर्षांनी, 1954 मध्ये, त्यांना मदिनेत माती मिळाली. ती स्वतः 2006 मध्ये लंडनला वारली. कबरही इंग्लंडातच आहे.

आपल्याकडे लेक दिवाळीला, ईदेला माहेरी येते. या शहजादीला बापासाठी माहेरची चार हात जमीन मिळाली नाही. तुमच्या घरी दूर मुलखाची सून असेल, तर तिला तिच्या गावाबद्दल कधी तरी विचारा. ती बोलू लागली की हातचं काम ठेवून ऐका.