मी कर भरतो, म्हणून आईचे पंधराशे थांबले

मी मूळचा म्हसळ्याचा, नोकरीला पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. पण आजचा भाग कोडिंगवर नाही, आईच्या पंधराशे रुपयांवर आहे. घरच्यांचे सरकारी फॉर्म स्वतःच्या मोबाईलवर भरून दिलेत ना तुम्ही? मग शेवटपर्यंत ऐका, कारण माझी चूक तुमचीही असू शकते.

२०२४ च्या जुलैमध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे फॉर्म सुरू झाले. आमच्याकडे तर घरोघरी तोच विषय. खात्याच्या मंत्री अदिती तटकरे आमच्याच श्रीवर्धन मतदारसंघाच्या, म्हसळा त्यातच येतो. मी सुट्टीला घरी होतो. 'नारीशक्ती दूत' ॲप उघडलं, आधार टाकलं, केशरी रेशनकार्डाचा फोटो टाकला, हमीपत्रावर आईची सही घेतली आणि सबमिट. दहा मिनिटांत काम फत्ते. हमीपत्र वाचलं का? नाही. आपण कुठल्या ॲपच्या अटी वाचतो?

ऑगस्टमध्ये पहिले दोन हप्ते एकदम आले, तीन हजार. आईच्या स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने. बचत गटाचा हप्ता ती त्यातून भरायला लागली. चष्मा केला, मला विचारलंही नाही. मला ते फार आवडलं होतं.

मग २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी आलं. आईचा फोन, "बाबू, ओटीपी आलाय, तुझ्या बाबांचापण आधार मागतायत. काय करू?" म्हटलं थांब, आधी वाचतो. वाचलं आणि गप्प झालो. हमीपत्रात चक्क लिहिलं होतं की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नाही आणि कुटुंबातील कोणीही सदस्य आयकरदाता नाही. आणि कुटुंब म्हणजे कोण? पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. अविवाहित मुलगा म्हणजे अस्मादिक. दर महिन्याला पगारातून टीडीएस कापला जाणारा.

आता गंमत बघा. बाबांची थोडी भातशेती आहे, त्यांना पीएम किसानचे वर्षाला ६००० मिळतात, २००० चे तीन हप्ते. आयकर भरणाऱ्याला तिथेही मनाई आहे. पण तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. मी अठराच्या पुढे गेलो आणि त्या कुटुंबातून बाहेर पडलो. म्हणजे एकाच घरात बाबांसाठी मी परका आणि आईसाठी मी घरचा. एक मित्र म्हणाला, "लग्न कर, आई पुन्हा पात्र!" व्याख्या बघितली तर त्याचं काही चुकलेलं नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे आयकर माणसागणिक लागतो. माझा पॅन वेगळा, आईचा वेगळा. आईला सांभाळतो म्हणून माझा कर कमी होतो का? नाही. जुन्या कररचनेत आईबाबांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर सूट आहे, आजारपण-अपंगत्वाच्या काही ठरावीक खर्चांवर आहे. नव्या रचनेत तीही नाही. म्हणजे कर घेताना आई माझ्यावर अवलंबून नाही, मदत देताना मात्र आहे. मला खटकतं ते हेच.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेने कोरोनाची मदत म्हणून मोठ्यांना १२०० डॉलर आणि १७ वर्षांखालच्या मुलांमागे ५०० डॉलर द्यायचं ठरवलं. ज्या कॉलेजच्या मुलांना पालकांनी रिटर्नमध्ये 'अवलंबित' दाखवलं होतं, त्यांना स्वतःचे १२०० नाहीत आणि पालकांनाही त्यांचे ५०० नाहीत. मधल्या मध्ये लटकले. २०२१ च्या मार्चमध्ये १४०० डॉलरच्या वेळी अशा मोठ्या अवलंबितांनाही धरलं.

आणि मदतीची दुसरी तऱ्हा आपण पाहिली आहे. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आमचे पत्रे उडाले होते. पंचनाम्याला आलेल्यांनी नुकसान किती ते बघितलं. घरात कोण कमावतं, कोण कर भरतं, हे नाही विचारलं. नुकसानभरपाई नुकसान बघते, पंधराशेची योजना घर बघते. पैसे मर्यादित असतील तर कुठेतरी रेघ मारावी लागणार, ते मला मान्य आहे. फक्त ही रेघ असं धरून चालते की मुलाचा पगार आपोआप आईच्या हातात पोचतो.

आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी खोटी सही केली?" मला मेल्यासारखं झालं. सही तिची, पण चूक माझी. तोपर्यंत चौदा हप्ते झाले होते, २१,००० रुपये. केवायसी केलं नाही. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात लाभ बंद करण्याचा अर्ज दिला. आईने स्वतः वाचून सही केली. यावेळी मिनिटभर जास्त लागला.

म्हटलं, पंधराशे मी पाठवतो दर महिन्याला. ती म्हणाली, "तू पाठवतोस ते घराचे. ते माझे होते." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तर मंडळी, घरच्यांचा फॉर्म भरताना तीन गोष्टी बघा. एक, त्या योजनेत 'कुटुंब' म्हणजे कोण. प्रत्येक योजनेत उत्तर वेगळं असतं. दोन, "मला कर शून्य येतो" म्हणून निर्धास्त राहू नका. २०२५-२६ पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, पण लाडकी बहीणची अडीच लाखांची मर्यादा वेगळी आहे. महिन्याला साधारण २०,८३३ रुपये, तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून. केशरी कार्डामुळे उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही, पण मर्यादा काही उठत नाही. आणि तीन, हमीपत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा. सही तिची असते.

भेटू पुढच्या भागात. तोवर घरी एक फोन करा.