जरी आणि तरी

मी यवतच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून आमच्याकडे मुक्कामाला येते, वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण होतं, आणि पालखी वरवंडकडे निघाली की शाळेत निबंध हमखास तिच्यावरच असतो. सातवीतल्या एकानं लिहिलं होतं, 'ऑल्दो वारकरीज वेअर टायर्ड, बट दे वेअर सिंगिंग.'

इंग्रजीत 'ऑल्दो' आणि 'बट' असे एकत्र चालत नाहीत. पण लाल रेघ ओढण्याआधी हेच वाक्य मराठीत म्हणून पाहा : जरी वारकरी दमले होते, तरी ते गात होते. पोरानं आपल्या भाषेतली जोडी इमानानं पलीकडे नेली होती. आपल्याकडे 'जर'मागे 'तर' येतो, 'जेव्हा'मागे 'तेव्हा'. इंग्रजी इथे एकाच गाठीवर भागवते. मी त्याला म्हटलं, 'जरी' गाळून बघ बरं. 'वारकरी दमले होते, तरी गात होते.' म्हणजे एक शब्द गाळणं मराठीलाही जमतं! फक्त आपण मागचा ठेवतो. इंग्रजीत दोहोंपैकी कुठलाही एक ठेव. त्यानं 'ऑल्दो' खोडलं. 'बट' त्याला जवळचं वाटलं असावं.

याहून अवघड गाठ गुऱ्हाळावरच्या निबंधात पडते. 'ऊस चरकात घालून, रस काढून, काहिलीत ओतून, मळी काढून, आटवून गूळ करतात.' इथे 'आणि' एकदाही नाही. सगळा सांधा त्या 'ऊन'मध्ये आहे आणि क्रियापद शेवटी एकच. इंग्रजीत शिरताना हा दोरा तुटतो, मग मुलं 'अँड देन, अँड देन' करत राहतात.

त्यावर उपाय म्हणून परीक्षेपुरते 'मोरओव्हर', 'हाउएव्हर' पाठ करून घेतले जातात. मला हे फार खटकतं. विरोध कशाचाच नसतो, तरी वाक्याच्या तोंडाशी 'हाउएव्हर' बसलेलं असतं. मराठीच्या तासाला हीच मुलं उभयान्वयी अव्ययं शिकतात. 'पण' न्यूनत्वबोधक, 'म्हणून' परिणामबोधक, हे त्यांना येतं. 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, पण या दोन तासांची गाठभेट अजून होत नाही. ती व्हायला हवी. दुसरं वाक्य पहिल्यामुळे आलं, की पहिल्याला अडवतं, की नुसतं त्याच्यानंतर येतं, हे आधी मराठीत ठरवावं. शब्द मग सापडतो.

गुऱ्हाळावर लिहिणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, रस कुठवर आटवतात? ती म्हणाली, 'गुळव्या पाक पाण्यात टाकून बघतो. गोळी होईपर्यंत.' मग वही पुढे ओढून तिनं आपणहून लिहिलं, 'अनटिल'. तो शब्द तिनं पाठ केलेल्या यादीत नव्हता.