देवाचे देणे आणि देवाचा सहवास
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



'देवाचा आशीर्वाद' या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. धाकटी पाया पडली की आपण म्हणतो, 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव'. मुलाला म्हणतो, 'शतायुषी हो.' नवरा, मुले, आयुष्य, पैका ज्याला मिळाला त्याच्यावर देवाची कृपा, असा आपला हिशेब. मग ज्या घरी हे नाही, तिथे देव नाही काय?

जनाबाईकडे पाहा. गंगाखेडची ही पोर लहानपणीच आईवेगळी झाली आणि पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा यांतच तिचा जन्म गेला. ना संसार, ना सोने. आपल्या हिशेबाने देवाने तिला काहीच दिले नाही. आणि तरी आपण कथा काय सांगतो? विठ्ठल तिच्या जात्याला हात लावी, तिच्याबरोबर शेण्या वेची. देवाने तिचे दळण चुकवले नाही; तो तिच्याबरोबर दळायला बसला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे जाते म्हणून दाखवतात, त्यापुढे अजून लोक हात जोडतात.

दुसरे उदाहरण गाडगेबाबांचे. त्यांचे शेवटचे कीर्तन आपल्या वांद्र्यालाच, पोलीस ठाण्यात, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झाले. त्याच वर्षी २० डिसेंबरला ते गेले. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा वारला. ती बातमी कीर्तन चालू असताना आली आणि बाबांनी कीर्तन सोडले नाही, असे सांगतात. हातात खराटा, अंगावर चिंध्या. पण यात्रेकरूंसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. या माणसावर देवाची कृपा नव्हती, असे कोण म्हणेल?

कुणी विचारील, मग देवाकडे मागूच नये की काय? मागावे. लेकरू आईकडे खाऊ मागतेच. पण रात्री घाबरून उठले की त्याला खाऊ नको असतो, आईचा हात हवा असतो. तो हात अंगावर आहे ही खात्री, हाच खरा आशीर्वाद. खाऊ संपतो, हात राहतो.

म्हणून एक कळकळीचे सांगणे आहे. एखाद्या घरी मूल दगावते, कुणाचे कुंकू पुसले जाते, आणि आपणच जिन्यात उभ्या राहून म्हणतो, 'कुळाचाराचे काही राहिले असेल.' भगिनींनो, हे बोलू नये. त्या घरातून देव गेलेला नसतो. आपण मात्र जायचे थांबतो. तिथे पिठल्याभाकरीचा डबा घेऊन जावे, घटकाभर शेजारी बसावे. देव जवळ आहे हे तिला आपल्या हातूनच कळायचे असते.

आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या ज्या सभासद भगिनी कुंकू लावत नाहीत, त्यांनाही मानाने बोलवावे, तिळगूळ आणि वाण द्यावे, अशी मी मंडळाला विनंती करते. जनाबाई आपल्या हळदीकुंकवाला आली असती, तर आपण तिला कुठे बसवले असते, याचा प्रत्येकीने घरी जाऊन विचार करावा.