दोन दारांमधली जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सुरुवातीलाच सांगतो, मी आर्किटेक्ट नाही आणि इंजिनिअरही नाही. मी कविता लिहितो, बी.ए.पर्यंत शिकलो, आणि माझं सगळं आयुष्य माझगावच्या एका चाळीत गेलं. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर बारा खोल्या, पुढे लाकडी कठड्याची लांबलचक गॅलरी. अब्बा गोदीत कामाला होते. आम्ही पाच भावंडं त्या एका खोलीत वाढलो. तरीही आज मी इमारतींविषयी बोलायचं धाडस करतो आहे, त्याला कारण झाली गेल्या वर्षी आमच्या चाळीत भरलेली एक सभा.

आमची चाळ पुनर्विकासाला जायची आहे. बिल्डरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. भिंतीवर पांढरी चादर लावून त्याने नव्या इमारतीची चित्रं दाखवली. बावीस मजले, खाली हिरवळ, हिरवळीवर गोरीगोमटी मुलं. सभेत तीन प्रश्न विचारले गेले. कार्पेट किती? कॉर्पस किती? इमारत होईपर्यंत भाडं किती? तिन्ही प्रश्न रास्त होते. मीही तेच विचारले. मग दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू उठल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "सकाळी माझं दार उघडलं नाही, तर तिकडे कुणाला कळेल का रे?"

सभेत हसू पसरलं. बिल्डरचा माणूस अदबीने म्हणाला, "आजी, प्रत्येक फ्लॅटला इंटरकॉम दिलाय."

काकू म्हणाल्या, "फोन करायला मी उठले तर पाहिजे ना!"

मग कुणी हसलं नाही.

चाळीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. ते काम पुष्कळांनी केलं आहे, आणि त्यातले बरेच जण चाळ सोडून गेल्यावर ते करतात. अम्मा पहाटे चारला उठून नळावर नंबर लावायची. संडास मजल्याच्या टोकाला, बारा बिऱ्हाडांत मिळून तीन. घरातल्या बायकांना दिवसभरात एकांत म्हणून मिळत नसे. अब्बांना अर्धांगवायू झाला, त्यानंतर दोन वर्षं ते तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नाहीत. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी खुर्चीसकट उचलून न्यावं लागे. लिफ्ट नको असं म्हणणारा माणूस चाळीत एकही सापडणार नाही.

पण त्याच दोन वर्षांत अब्बांची खुर्ची रोज सकाळी गॅलरीत असायची. जिन्याने येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलून जाई. पेपर त्यांना कुणीतरी वाचून दाखवी. ते घरात पडून होते, पण एकटे नव्हते. लिफ्ट नव्हती म्हणून ते अडकले आणि गॅलरी होती म्हणून ते तगले, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. नव्या इमारतीत पहिली अडचण सुटते आणि दुसरी सोय नाहीशी होते. दोन्ही एकत्र का मिळू नयेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

२६ जुलै २००५ ची रात्र आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, फोन लागेनात. आमच्या भागात तेवढं पाणी नव्हतं, पण घराघरातलं कुणी ना कुणी उपनगरात अडकलेलं. त्या रात्री आमच्या गॅलरीत उशिरापर्यंत हजेरी चालली होती. कोण पोहोचलं, कोण राहिलं. माझा भाऊ अंधेरीहून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तेव्हा तो आल्याचं अम्माला माझ्याआधी तळमजल्यावरून कळलं. त्यासाठी कुणी समिती नेमली नव्हती. इमारतीची ठेवणच तशी होती.

आता उजेड-वाऱ्याकडे येतो, कारण शेजाराइतकीच तीही गोष्ट दोन दारांमधल्या, दोन भिंतींमधल्या जागेवर अवलंबून असते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने वस्त्या पाडल्या, लोकांना उठवलं, त्याबद्दल त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण त्या ट्रस्टचे जे. पी. ऑर नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी १९१२ च्या सुमारास एका नियमाचा आग्रह धरला. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. आकडा ऐकून घाबरू नका, अर्थ सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं ठेवा. चाळीस फूट उंच असेल तर वीस फूट. म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आभाळाचा तुकडा दिसेल आणि खोलीत उजेड उतरेल.

शंभर वर्षांत आपण काय शिकलो? गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला रस्ते आणि रेल्वेच्या कामांमुळे विस्थापित झालेल्या लोकांसाठी वसाहती बांधल्या गेल्या. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड ही त्यातली दोन नावं. झोपडीतून पक्क्या घरात जायचं म्हणून लोक आनंदाने गेले. पण तिथे इमारतींमधलं अंतर अवघं तीन मीटरच्या आसपास. ऑरसाहेबांच्या हिशेबाने तीन मीटर अंतराला सहा मीटर उंची चालली असती, म्हणजे जेमतेम दोन मजले. इथे सात-सात मजले उभे राहिले. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने या वसाहतींचा अभ्यास केला आणि २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या या घरांत क्षयरोगाचं प्रमाण फार मोठं आढळलं. जवळच्याच, जास्त मोकळ्या बांधणीच्या वसाहतीत ते कितीतरी कमी होतं. माणसं तशीच, कमाई साधारण तशीच. फरक दोन भिंतींमधल्या जागेचा.

हल्ली 'शाश्वत' हा शब्द जाहिरातीत फार वाचायला मिळतो. गच्चीवर सोलर, भिंतीवर वेली, की इमारत झाली शाश्वत. सोलर हवंच, त्यावर जिन्याचे दिवे लागले तर बिल कमी होतं. पण ज्या घरात दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो, ते घर गच्चीवर कितीही पत्रे बसवले तरी शाश्वत कसं म्हणायचं? खिडकीवर छज्जा आहे का, पश्चिमेच्या भिंतीला सावली आहे का, वारा एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर पडतो का, या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या आधी कागदावर ठरवाव्या लागतात, इतकंच.

दुसरी गोष्ट, इमारत चालवायला लागणारा पैसा. लिफ्ट, पाण्याचा पंप, पहारेकरी, हे सगळं महिन्याच्या महिन्याला मागतं. घर फुकट मिळालं म्हणून ते फुकट चालत नाही. वर्गणी थकली की लिफ्ट बंद पडते, आणि मग पंधराव्या मजल्यावरच्या म्हातारीची अवस्था माझ्या अब्बांसारखी होते. फरक एवढाच, की तिला गॅलरीही नसते.

मग उंच इमारतीशिवाय पर्याय नाही का? निदान दोन ठिकाणं मी तुम्हाला सांगू शकतो, आणि दोन्ही लांब नाहीत. एक, पुण्यातलं येरवडा. तिथल्या काही वस्त्यांमध्ये २००९ च्या सुमारास, केंद्राच्या शहरी गरिबांसाठीच्या योजनेतून एक वेगळा प्रयोग सुरू झाला. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई, स्पार्क ही संस्था आणि वस्त्यांतल्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना, यांनी मिळून वस्ती उठवायची नाही असं ठरवलं. जी घरं पक्की होती ती तशीच ठेवली. जी कच्ची होती, ती त्याच जागेवर नव्याने बांधली. घर साधारण २७० चौरस फुटांचं आणि खर्चाचा दहा टक्के वाटा घरच्यांचा. गल्ल्या जिथे होत्या तिथेच राहिल्या. जिथे जागा फारच लहान होती, तिथे शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकावर एक घरं घेतली. आपलं घर कसं असावं, हे घरच्या बाईला आधी विचारलं गेलं. सगळ्यांचंच समाधान झालं असा दावा मी करत नाही. पण ज्या शेजारणीवर मूल सोपवून बाई कामाला जात होती, ती शेजारीण तिथेच राहिली. याची किंमत कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते.

दुसरं ठिकाण नवी मुंबईतलं बेलापूर. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात तिथे आर्टिस्ट्स व्हिलेजची रचना केली. सात घरं आणि मध्ये आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असं अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यात आणखी एक मोठं अंगण. दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही, म्हणजे पैसे येतील तसं ज्याने-त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी ते इतकं वाढवलं, की कोरियांनी बांधलेली मूळ घरं आता फार थोडी उरली आहेत. काही जण याबद्दल हळहळतात. मला मात्र त्यात रचनेचं यश दिसतं. घरं बदलली, तरी मधली अंगणं आहेत.

उद्याच्या मुंबईत सगळीकडे एक-दोन मजली घरं बांधता येणार नाहीत, हे मलाही कळतं. वरळीच्या बीडीडी चाळींतले लोक १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्यातल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळायला सुरुवात झाली. त्यांचा आनंद खोटा कसा म्हणू? उंच बांधा, पण उंच बांधताना गॅलरीने जे काम केलं ते कोण करणार, हे आधी ठरवा.

आमच्या चाळीचं पुढे काय झालं ते सांगतो. कमिटीत आम्ही पाच जण. आराखड्यावर पाचांच्याही सह्या हव्या होत्या. मी माझी सही दोन महिने अडवून धरली. आराखड्यात मजल्याच्या मधोमध एक बंद पॅसेज होता, दोन्ही टोकांना भिंत, दिवसरात्र दिवे. मी म्हटलं, टोकांना खिडक्या द्या, बसायला थोडी जागा द्या. बिल्डरचा माणूस म्हणाला, "मोकळ्या जागेला भाव येत नाही." वाटाघाटी चालू होत्या, आणि एका रात्री वरच्या मजल्यावर एका भाभींच्या खोलीतलं छताचं प्लास्टर कोसळलं. पाळण्यापासून दोन हातांवर. सकाळी त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाईजान, तुमच्या उजेडापायी आमची पोरं मरायची."

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. चांगल्या इमारतीसाठी थांबायला सांगणारा मी, आणि टेकू लावलेल्या छताखाली झोपणाऱ्या त्या. माझ्या खोलीचं छत शाबूत होतं, हेही खरं. त्याच आठवड्यात मी सही केली.

तोवर जे पदरात पडलं ते असं. प्रत्येक मजल्याच्या पॅसेजला दोन्ही टोकांना खिडक्या. लिफ्टजवळ दहा फूट बाय बारा फुटांची बसायची जागा. तळमजल्यावर एक खोली, जिथे मोटारी लागणार नाहीत. आणि आमच्या चाळीचे खांब-तुळया बर्मा सागाच्या आहेत. ते लाकूड भंगारात न जाता त्याची बाकं होणार. शेजारच्या टॉवरपासूनचं अंतर मात्र वाढलं नाही. खालच्या चार मजल्यांवर उजेड कमीच असणार. ती हार मी मान्य केली आहे.

म्हणून सांगतो, तुमच्यासमोर आराखडा येईल तेव्हा कार्पेट, कॉर्पस जरूर विचारा. पण त्याच सभेत, छत पडायची वेळ येण्याआधी, आणखी काही विचारा. खालच्या मजल्यावर दुपारी दिवा न लावता वाचता येईल का? म्हाताऱ्या माणसाची खुर्ची कुठे ठेवायची? दहा वर्षांनी लिफ्टचा खर्च कोण भरणार? मी हे उशिरा विचारलं. भाभींच्या वाक्याला उत्तर द्यायचं असतं, तर ते दोन वर्षं आधी द्यायला हवं होतं.

घरांची सोडत अजून व्हायची आहे. पण काकूंनी आधीच कमिटीकडे अर्ज दिला आहे. त्यांना लिफ्टच्या अगदी समोरचं घर हवं आहे. ते कुणालाच नको होतं, कारण दिवसभर आवाज, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ. मी त्यांना तसं समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच मागितलंय."